'आपोआप'चा कर्ता कोण?

'आपोआप' या शब्दाचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. "मावशी, तू कशाला त्यात डोकं घालतेस? अकाउंटमध्ये लॉगिन कर, सगळं आपोआप येतं," असे भाचा म्हणतो. "आई, ते आपोआप सिंक होतं गं," असे लेक म्हणते. तीस वर्षे शाळेत मराठीचे व्याकरण शिकवले. फळ्यावर वाक्य लिहिले की पहिला प्रश्न ठरलेला, क्रियापद कोणते आणि कर्ता कोण? 'आपोआप होते' या वाक्यात कर्ता कुठेच दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून तो नसतोच असे नाही. कोणीतरी, कुठेतरी, काहीतरी करत असतेच. ते कोण हे विचारायचे नाही, एवढीच 'आपोआप'ची अट असते.

तर मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. संगणकाच्या सेटिंग्जच्या फायली, आणि त्या तीन-चार यंत्रांवर एकसारख्या कशा ठेवायच्या. ब्लॉगवाल्यांना यातले निम्मेअधिक ठाऊक असेल. नातेवाइकांनी मात्र कंटाळून पळ काढू नये, कारण हे लिहिते आहे ते मुख्यतः तुमच्यासाठीच.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. आपल्या सेटिंग्जची मूळ प्रत आपल्या घरात, आपल्याला वाचता येईल अशा साध्या मजकुरात, बदलांच्या नोंदींसकट असली पाहिजे. कंपनीच्या क्लाउडवर दुसरी प्रत असायला माझी हरकत नाही. पण मूळ प्रत त्यांच्याकडे आणि आपल्याकडे नुसता पासवर्ड, ही व्यवस्था मला मान्य नाही.

सेटिंग्ज म्हणजे हौस, असे तरुणांना वाटते. पडद्यावर कुठले चित्र लावायचे, घंटी कुठली वाजवायची वगैरे. आमच्या वयात सेटिंग म्हणजे चष्मा. आमची दोन घरे आहेत. कुडाळचे आमचे, आणि पावसाळ्याचे चार महिने पुण्याला लेकीचे. कुडाळला जुना डेस्कटॉप, त्यावर भाच्याने लिनक्स मिंट घालून दिलेले. पुण्यात विंडोजचा लॅपटॉप. शिवाय एक फोन, एक टॅब. यंत्रे चार आणि माणसे दोन. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला अक्षर मोठे लागते, माउसचा बाण ठळक लागतो. यांच्या उजव्या हाताला कंप आहे. एक बटण दाबले की तीनदा दाबले जाते आणि 'मराठी'चे 'मममराठी' होते. त्यावर उपाय आहे, लागोपाठ आलेले दाब सोडून द्यायला संगणकाला सांगता येते. तेवढ्या एका सेटिंगमुळे हे आपली पत्रे आपण लिहितात. ते नसेल तर मला सांगून लिहून घ्यावी लागतात, आणि आयुष्यभर कोणाला काही लिहायला न सांगितलेल्या माणसाला ते जड जाते. आता मला सांगा, रात्रीत चष्मेवाल्याने येऊन तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला आणि सकाळी 'आम्ही सुधारणा केली आहे' अशी चिठ्ठी ठेवली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

दुसरी गोष्ट शब्दांची. नोकरीच्या काळात मुलांच्या तोंडचे मालवणी शब्द मी वहीत टिपत असे. निवृत्तीनंतर ते संगणकात घालायला घेतले. आता संगणकाला मालवणी येत नाही. 'चेडू' लिहिले की तो 'चेंडू' करतो. म्हणजे आमच्याकडची मुलगी त्याच्या लेखी खेळायची वस्तू झाली! 'माका'चा 'मका' होतो आणि 'घोव'चा 'घोळ'. (या शेवटच्यावर आमचे हे काही बोलले नाहीत.) प्रत्येक शब्द 'शब्दकोशात जोडा' असे सांगून शिकवावा लागतो. एका यंत्राला शिकवला की तो दुसऱ्याला येत नाही. प्रत्येक नवे यंत्र म्हणजे पहिलीत आलेले नवे मूल, आणि त्याला पुन्हा श्रीगणेशापासून शिकवा. म्हणून यंत्रे एकसारखी ठेवण्याची गरज मला जितकी आहे तितकी भाच्यालाही नसेल. माझा विरोध सिंकला नाही. माझे भांडण 'आपोआप'शी आहे.

का, ते सांगते. २०२३ च्या पावसाळ्यात फोनवरच्या कीबोर्डचे एक अपडेट आले. कोणत्या कंपनीचे ते राहू दे. सकाळी पाहते तो मी शिकवलेले सगळे शब्द गेलेले, सुमारे सहाशे. म्हटले हरकत नाही, टॅबवर आहेत. संध्याकाळी टॅब उघडला तर तिथलीही यादी रिकामी. कंपनीला लिहिले. त्यांचे उत्तर आले की तुमची दोन्ही उपकरणे व्यवस्थित सिंक झालेली आहेत. खरेच की! एक पाटी पुसली गेली, म्हणून दुसरीही पुसली. दोन्ही अगदी एकसारख्या. वही होती म्हणून शब्द वाचले. महिनाभर बसून पुन्हा घातले.

या प्रकरणातून जो मुद्दा निघतो तो सगळ्यांनी नीट लक्षात घ्यावा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक म्हणजे आरसा. समोर जे असेल ते तो दाखवणार, तुम्ही नाहीसे झालात तर आरशातूनही नाहीसे. बॅकअप म्हणजे जुना फोटो. आज काहीही होवो, त्या दिवशी काय होते ते त्यात राहते. 'आपोआप'वाले आपल्याला आरसा विकतात आणि फोटो असल्याचा भास निर्माण करतात.

बरे, हे आरसेवाले तरी किती दिवस टिकतात? ब्राउझरच्या सेटिंग्ज आणि बुकमार्क सगळीकडे नेणारे गूगलचे ब्राउझर सिंक २००६ मध्ये आले आणि २००८ मध्येच गुंडाळायला घेतले गेले. अॅपलचे मोबाइलमी २००८ मध्ये आले आणि ३० जून २०१२ ला बंद झाले. उबुंटू वन ही सेवा जून २०१४ मध्ये थांबली. एक्समार्क्स नावाची बुकमार्क सांभाळणारी सेवा १ मे २०१८ ला बंद झाली. या कंपन्या काही लबाड होत्या असे मी म्हणत नाही. त्यांनी सूचना दिल्या, मुदती दिल्या. पण धंदा आहे, परवडेनासा झाला की दुकान बंद. वाण्याचे दुकान बंद झाले तर आपण दुसऱ्या वाण्याकडे जातो. त्याने जाताना आपल्या स्वयंपाकघरातले डबे नेलेले चालतील का?

आता या सेटिंग्ज असतात तरी कुठे? बहुतेकांनी त्या फायली कधी पाहिलेल्याच नसतात, कारण त्या लपवलेल्या असतात. लिनक्समध्ये, आणि त्याचा पूर्वज युनिक्समध्ये, ज्या फायलीच्या नावाआधी टिंब असते ती यादीत दिसत नाही. या टिंबामागे एक गंमत आहे. युनिक्सच्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले की ही सोय कोणी ठरवून केलेलीच नव्हती. 'हाच फोल्डर' आणि 'वरचा फोल्डर' यांच्यासाठी एक टिंब आणि दोन टिंबे अशी नावे आली. ती यादीत दिसू नयेत म्हणून केन थॉम्पसन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कोणीतरी सोपा मार्ग काढला, की टिंबाने सुरू होणारे नाव दाखवू नये. झाले! पुढच्या प्रत्येकाने आपापल्या सेटिंग्जची फाइल टिंब लावून घरात दडवायला सुरुवात केली. एका आळसातून परंपरा तयार झाली. आणि पाइक यांनी हे लिहिले कुठे, तर गूगल प्लसवर. ते गूगल प्लसही सामान्य लोकांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. आणखी काय सांगायचे!

पण लिनक्समधल्या त्या फायली लपलेल्या असल्या तरी बहुतांशी साधा मजकूर असतात. उघडा, वाचा. विंडोजमध्येही आधी आयएनआय नावाच्या साध्या फायली होत्या. मग १९९२ च्या विंडोज ३.१ पासून रजिस्ट्री आली, पुढे विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यात गेला. ती उघडून माणसाने वाचावी अशी फाइल नव्हे. लिनक्सवाल्यांनीही हल्ली डीकॉन्फ नावाचे तसेच गाठोडे केले आहे. सुदैवाने दोन्हीकडे एक खिडकी ठेवलेली आहे. रजिस्ट्रीचा हवा तो भाग मजकूर म्हणून बाहेर काढता येतो, डीकॉन्फचाही काढता येतो आणि परत घालता येतो. यांच्या बटणाचे सेटिंग मी असेच काढून ठेवले आहे. चार ओळींचा मजकूर आहे. त्या चार ओळींवर एका माणसाचा स्वाभिमान उभा आहे, आणि कोणी तरी त्या मला दिसू नयेत अशी व्यवस्था केली आहे.

शब्दांचे तर आणखी सोपे. फायरफॉक्समध्ये 'शब्दकोशात जोडा' म्हटले की शब्द 'पर्सडिक्ट डॉट डॅट' नावाच्या फायलीत जातो. एका ओळीवर एक शब्द, बस्स. लिबर ऑफिसची 'स्टँडर्ड डॉट डिक' फाइलही जवळपास तशीच, वरती दोन-चार ओळींचे मथळे तेवढे जास्त. मुले शुद्धलेखनाच्या वहीत शब्द लिहितात त्याच्याइतके साधे. हे मला पाच वर्षे कोणी सांगितले नव्हते!

मग करायचे काय? शाळेत काम केलेल्यांना जनरल रजिस्टर आठवत असेल. मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, सगळे त्यात. दाखला हरवला तर दुसरा देता येई, कारण दाखला ही नक्कल आणि रजिस्टर हे मूळ. त्यात खाडाखोड चालत नसे. नावात बदल झाला तर जुने नाव वाचता येईल असे ठेवून लाल शाईने नवे लिहायचे, खाली मुख्याध्यापकांची सही आणि तारीख. वीस वर्षांनी कोणी विचारले तर काय बदलले, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, याचे उत्तर त्या पानावर असे.

संगणकात याच कामासाठी गिट नावाची वस्तू आहे. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये आपल्या कामासाठी ती केली. प्रोग्रामर लोक तिच्याभोवती मोठे वलय निर्माण करतात, पण आत पाहाल तर जनरल रजिस्टरच. प्रत्येक बदलाला तारीख, नाव आणि एक ओळीचे कारण. जुने काही पुसले जात नाही, मागच्या कुठल्याही दिवसाची फाइल परत काढता येते. शिवाय त्यासाठी इंटरनेट लागते असेही नाही. माझे रजिस्टर एका पेनड्राइव्हवर आहे. कुडाळहून निघताना त्यात नोंद करते, पुण्याला पोचले की त्यातून उतरवून घेते. सिंक मी करते. कर्ता मी.

काय ठेवायचे याचे मी तीन ढीग केले आहेत. पहिला सामाईक, म्हणजे शब्दांच्या याद्या आणि अक्षराचे आकार. हा सगळीकडे जातो. दुसरा त्या त्या यंत्रापुरता, म्हणजे प्रिंटर, पडद्याचा आकार, फोल्डरचे पत्ते. हा आपापल्या घरी राहतो. पुण्याच्या प्रिंटरचे सेटिंग कुडाळला नेऊन काय करायचे? तिसरा गुप्त, म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या. हा रजिस्टरमध्ये अजिबात जात नाही, कारण जे रजिस्टर काही विसरत नाही ते पासवर्डही विसरत नाही. पुष्कळ हुशार प्रोग्रामर आपल्या सेटिंग्ज कौतुकाने सगळ्या जगाला दाखवतात आणि त्यात किल्ल्याही ठेवून मोकळे होतात. 'आपोआप'वाले हे तिन्ही ढीग एकत्र करून उचलतात, हाही माझा एक आक्षेप आहे.

आणि काही गोष्टी अशा की तिथे यंत्राच्या हाती नुसती नक्कल सोपवून भागतच नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला पापणीसारखा र घ्या. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकदा खाली नुक्ता असलेला ऱ वापरून, आणि एकदा साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून पहिला प्रकार उमटतो, दुसऱ्यावरून दुसरा. सिंक दोन्ही इमानेइतबारे सगळीकडे पोचवते आणि शोधायला गेले की अर्धे शब्द सापडत नाहीत. तीच गोष्ट ओळीच्या शेवटाची. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडा मागे ढकलायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, अशा दोन क्रिया. विंडोज अजूनही ओळीअखेर दोन्ही चिन्हे लिहिते, लिनक्स एकच. आपल्याला दिसत नाही, पण विंडोजवर लिहिलेले छोटे आज्ञापत्र लिनक्सवर याच कारणाने अडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही नकला होत्याच. नकला कमी नव्हत्या, नकलांमधून योग्य पाठ निवडणारा माणूस हवा होता. दोन प्रती जुळवणे हे वाचकाचे काम आहे. आमच्या सहाशे शब्दांनाही तेच लागू.

आता आक्षेप. पहिला, "हे प्रोग्रामर लोकांचं काम आहे." ज्यांनी आयुष्यभर घरखर्चाच्या वह्या, हजेरीपट आणि दुधाचे हिशेब ठेवले त्यांना एक नोंदवही ठेवता येणार नाही? मी बीए मराठीची. मला भाच्याने गिटच्या पाच आज्ञा शिकवल्या, त्या मी भिंतीवर लिहून चिकटवल्या आहेत.

दुसरा, "घराला आग लागली, पेनड्राइव्ह हरवला तर?" हा आक्षेप खरा आहे, मी मान्य करते. म्हणून एक प्रत पुण्यात, एक कुडाळला. आणि गुप्त ढीग वगळून एक क्लाउडवरही ठेवा की! मी क्लाउडला शिवत नाही असे सोवळे पाळत नाही. फक्त तिथली प्रत म्हणजे दाखला, रजिस्टर नव्हे.

तिसरा, "आहे तसंच वापरायला शिका ना, कशाला एवढं बदलायचं?" हा आक्षेप तरुण घेतात, ज्यांच्या डोळ्यांच्या आणि बोटांच्या मापाने 'आहे तसे' ठरवलेले असते. आणि ज्यांची भाषा यंत्राला येते. मालवणीत लिहिणाऱ्याला 'आहे तसे' म्हणजे 'चेडू' लिहायचे नाही. एखादी बोली अशीच हळूहळू गप्प होते, कोणी बंदी घालावी लागत नाही. दर वेळी दुरुस्त करून माणूस दमतो आणि प्रमाण शब्द लिहून मोकळा होतो.

चौथा आक्षेप कोणी तोंडावर घेत नाही, पण मला ऐकू येतो. या वयात किती वर्षांसाठी ही उठाठेव? उत्तर सोपे आहे. माझ्यामागे माझे अकाउंट कोणाला उघडता येईल हे मला ठाऊक नाही. साधा मजकूर मात्र कोणालाही उघडता येईल.

प्रोग्राम करणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर तीन मागण्या करते. माझ्या सेटिंग्ज मजकुरात बाहेर काढून द्यायचे बटण ठेवा. यादी रिकामी व्हायची वेळ आली तर दुसरे यंत्र पुसण्याआधी मला विचारा. आणि अपडेटनंतर काय बदलले ते माणसाच्या भाषेत सांगा. यात अवघड काय आहे?

आणि नातेवाइकांनो, या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या संगणकासमोर तासभर बसा. त्याने काय काय बदलून घेतले आहे ते त्यालाच विचारा आणि लिहून काढा. अक्षर केवढे, बाण केवढा, कुठले शब्द शिकवले. जमले तर फायली काढून ठेवा, नाही तर कागदावर लिहा. कागदसुद्धा चालेल. 'आपोआप होईल' एवढे मात्र म्हणू नका.

तुम्ही काय करता तेही कळवा. आणि मालवणी शब्दांची यादी कोणाला हवी असेल तर मागा, पाठवते. एका ओळीवर एक शब्द आहे, कुठेही उघडेल.